परसातील मत्स्यकुंडाच्या पाण्याची परीक्षा
(सामान्य विज्ञान : इयत्ता 6 वी व 7 वी)



शाळेच्या परसात माशांचे लहानसे कुंड असणे ही विज्ञानशिक्षणाची मोठी सोय होय. काही वर्षांपूर्वी अशा एका शाळेच्या भेटीत मी दुपारी तीन वाजता कुंडाचे पाणी तपासले आणि ते उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. झाडांना पाणी घालण्यासाठी भल्या सकाळी येणारा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, पण सकाळी मासे वर येऊन तोंड उघडतात." "भूक लागत असेल," असे सांगून मी त्यास गप्प केले. पुढे दोन दिवस आभाळ भरून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंडातील बहुतेक मासे मरून तरंगत होते. माझे माप बरोबर होते. वेळ मात्र चुकली होती, आणि योग्य वेळी पाहणाऱ्याचे मी ऐकले नव्हते. प्रस्तुत पाठ त्या चुकीतून सिद्ध झाला आहे.

उद्देश : कुंडातील पाण्याचे गुण दिवसभरात बदलतात, हे मुलांनी स्वतः मोजून जाणावे.

विवेचन : मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. एक लिटर गोड्या पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच साठा कमी. तो 5 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये, असा सामान्य नियम आहे. हिरवे शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते. रात्री मात्र शेवाळ, मासे व गाळातील जंतू हे सर्वच तो वापरतात. यास्तव सूर्योदयाच्या सुमारास साठा सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवशी भरणा अपुरा पडतो व पुढची पहाट घातक ठरते.

सामूचेही तसेच आहे. दिवसा शेवाळ कर्बद्विप्राणिल वायू शोषून घेते, म्हणून सामू वाढतो. रात्री तो उतरतो. 6.5 ते 8.5 ही मर्यादा माशांना मानवते. माशांचे उत्सर्जन व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया बनतो. 25 अंशांना सामू 7 असता त्यातील शेकडा एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू 9 झाल्यास तो शेकडा तिसांहून अधिक होतो. अमोनिया तेवढाच असूनही दुपारी तो अधिक बाधतो, तो यामुळे.

साहित्य : तापमापक, सामू-पट्ट्या, दोरी, 20 सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी व वही.

कृती : तबकडीचे चार समान भाग करून ते आलटून पालटून काळे व पांढरे रंगवावेत. इटालियन धर्मगुरू व खगोलवेत्ता आंजेलो सेकी याने 1865 मध्ये समुद्राची पारदर्शकता अशाच तबकडीने मोजली. त्याची तबकडी पांढरी होती. दोरीला दर 10 सेंटिमीटरवर गाठ मारून तबकडी पाण्यात सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी काढावी. हिरव्या पाण्यात ही सरासरी 20 सेंटिमीटरहून कमी भरल्यास शेवाळ फार माजले असे समजावे. मातीने गढूळ झालेल्या पाण्यास हा निष्कर्ष लावू नये.

पाण्याचे तापमान, सामू व माशांचे वर्तन यांची नोंद आठवडाभर दिवसातून दोनदा करावी : शक्य तितक्या लवकर सकाळी व दुपारी तीनला. आकाश निरभ्र की ढगाळ, हेही लिहावे. सकाळच्या नोंदीसाठी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची पाळी लावावी; शिक्षकाने स्वतः हजर राहावे. मुलांना काठावर एकटे सोडू नये. काम संपताच हात साबणाने धुवावेत.

उपाय : मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागल्यास खाद्य त्वरित बंद करावे. कुंडातीलच पाणी भांड्याने उंचावरून परत ओतीत राहावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. नंतर सुमारे चतुर्थांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना मारक असते. म्हणून ते पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. एरवी पाच मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे.

प्रश्न : 1. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मासे का गुदमरू शकतात? 2. सकाळ व दुपार यांच्या सामूत किती फरक पडला? कारण सांगा. 3. ढगाळ दिवसानंतरच्या सकाळी माशांचे वर्तन कसे होते?

शेवटी एकच विनंती. आपल्या पट्टीवरील रंग आणि मुलाने पाहिलेली गोष्ट यांचा मेळ बसत नसेल, तर मुलास खोटे ठरविण्यापूर्वी दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर भल्या सकाळी कुंडाशी जाऊन उभे राहावे.