अंगावर पाजता, तरी दिवस कसे राहतात?



"लेकरू अंगावर पेते तवर काही होत नाही, बाई." चिखलीकडे जा, मेहकरकडे जा, नाहीतर मलकापूर-नांदुऱ्याकडे, हे वाक्य ऐकू येतेच. सासूने सांगितलेले असते, तिला तिच्या सासूने. आणि मग नऊ-दहा महिन्यांचे लेकरू कडेवर घेऊन बाई उपकेंद्रात येते. बाळंतपणापासून पाळी आलेली नाही, चार दिवस झाले मळमळते. तपासले तर दिवस राहिलेले! "पाळीच नाही आली, मग दिवस राहिले कसे?" असे ती विचारते. तिचा प्रश्न रास्त आहे. सासूबाईंचे म्हणणे साफ खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजायला मेंदूपर्यंत जावे लागते.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. तहान, भूक, झोप, अंगातली उष्णता यांवर त्याची देखरेख असते. पाळीचा हुकूमही तिथूनच सुटतो. त्याच्या खालीच हरभऱ्याच्या दाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. हायपोथॅलॅमस साधारण दर तास-दीड तासाने एका रसाचा अगदी सूक्ष्म अंश तिच्याकडे धाडतो. अशा रसाला संप्रेरक म्हणतात. हा निरोप पोचला की पीयूषिका आपली दोन संप्रेरके रक्तात सोडते, ती ओटीपोटातल्या बीजकोशाकडे जातात आणि स्त्रीबीज पिकते. निरोप मंदावला तर बीज पिकत नाही. मेंदूतले हे निरोप ओळखायला शास्त्रज्ञांना मेंढ्या-डुकरांचे लाखो मेंदू तपासावे लागले. त्या कामाबद्दल गिलेमां आणि शॅली यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पाजण्याचे बघू. बाळ चोखू लागले की स्तनाग्रातल्या नसा ती खबर मेंदूला देतात. मग एक संप्रेरक दूध तयार करते आणि दुसरे, जे हायपोथॅलॅमसमध्येच बनते, ते दूध बाहेर लोटते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. वावरात दुसरीचे लेकरू रडले तरी आपली चोळी ओली होते, ती या मेंदूच्या कारभारामुळेच. याच वेळी बीज पिकवण्याचा निरोप मंदावतो.

पण भगिनींनो, इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मेंदूला खबर जाते ती चोखण्याची. अंगावर दूध आहे एवढ्याने भागत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, पाळी परत आलेली नाही, आणि वरचे दूध-पाणी काही न देता रात्रंदिवस फक्त अंगावरचे चालू आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर शंभरात दोघींपेक्षा कमी बायकांना दिवस राहतात. दोन पाजण्यांत दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड पडता कामा नये.

आपल्याकडे हे कुठे मोडते? वेचणीला नाहीतर सोयाबीनच्या सोंगणीला. बाई सकाळीच निघते, लेकरू आजीजवळ. आजी वाटीने गाईचे दूध पाजते, बिस्कीट कालवून देते. आजीचा यात काय दोष, लेकरू उपाशी कसे ठेवणार? पण तिकडे सात-आठ तास चोखणे बंद, आणि मेंदूचा निरोप पुन्हा नेमाने सुरू होतो. बीज सुटते आधी आणि पाळी येते त्यानंतर सुमारे चौदा दिवसांनी. म्हणून पाळीची वाट पाहत बसलेल्या बाईला पाळी न येताच दिवस राहतात.

पाजणे मात्र सोडू नका. सहा महिन्यांनंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे, पुढेही पाजा. पाळणा लांबवायला दुसरी सोय करा, आणि ती वावरात कामाला जाण्याआधी करा. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनी बसवता येते. तिचा मेंदूच्या निरोपाशी संबंध नाही. 'छाया' गोळीत संप्रेरक नाही, पाजणाऱ्या आईला ती चालते. 'अंतरा' इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर, दर तीन महिन्यांनी. ते मेंदूचा निरोपच थोपवते, म्हणून पाळी पुढेमागे होते किंवा थांबते. अशा वेळी पोटात रक्त साचत नाही, कारण गर्भपिशवीचे अस्तर पातळच राहते. घाबरून दुसरा डोस चुकवू नका. 'माला-एन' मात्र पाजत असताना पहिले सहा महिने घ्यायची नाही. आणि निरोध कधीही चालतो. कारभाऱ्यांनीही हा भाग वाचावा.

बाळंतपणानंतर पाळी नाही आणि मनात शंका आहे, असे असेल तर आशाताईकडून 'निश्चय' किट मागून घ्या. ते फुकट मिळते. सकाळची पहिली लघवी लागते.