नाद सुटत नाही? आधी मनाकडे बघा

लैंगिक नादाचा विषय दवाखान्यात सरळ बोलला जात नाही. माणूस म्हणतो, "अशक्तपणा वाटतो, सलाईन लावा." खोदून विचारले की वेगळेच निघते. टोमॅटोचे भाव पडलेले, बराखीतला कांदा सडतोय, सोसायटीचे कर्ज थकलेले. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायची, बाहेर बिबट्याची धास्ती, म्हणून शेडमध्ये बसून मोबाइल उघडायचा. अश्लील व्हिडिओ बघण्यात दोन-तीन तास जातात. पहाटे स्वतःचीच किळस येते, शपथ घेतली जाते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. कोणाचा पैसा बाहेरच्या संबंधांपायी लॉजवर जातो.

अशा वेळी मी एकच विचारतो : मोबाइल हातात घेण्याआधी मन कसे होते? पुष्कळदा उत्तर येते, "जीव नकोसा झाला होता." म्हणजे ही मस्ती नव्हे. उदास मन घटकाभर सुटका शोधते, मागून अपराधी वाटते आणि उदासी आणखी वाढते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अशा अनावर लैंगिक वर्तनाची नोंद आहे. सहा महिने किंवा जास्त काळ आवर घालता येत नाही, घर-काम बिघडते, सुख मिळत नसतानाही थांबता येत नाही, ही त्याची खूण. नुसती तीव्र इच्छा किंवा हस्तमैथुन हा आजार नाही. केवळ 'पाप केले' या भावनेवरूनही निदान होत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिले. आपण अजून कुजबुजतोच.

दोन आठवडे मन खिन्न, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, असे असेल तर नैराश्य तपासून घ्या. मात्र झोप कमी होऊनही अंगात प्रचंड जोर, बडबड, पैशांची उधळपट्टी आणि अचानक वाढलेली कामेच्छा दिसली, तर तो द्विध्रुवी आजार असू शकतो. त्यात नुसती नैराश्याची गोळी घेतल्याने त्रास वाढू शकतो. कंपवाताच्या काही औषधांनीही कामेच्छा अशी अचानक वाढू शकते.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मनाने बंद करू नका. काही गोळ्यांनी कामेच्छा कमी होते, तसे झाल्यास डॉक्टरांना सांगा. सोबत समुपदेशन हवे. वहीत लिहा : नाद कधी उफाळला, कुठे, त्याआधी काय झाले. आठवड्यात वाट दिसू लागते. बाहेर असुरक्षित संबंध आला असेल तर नवरा-बायको दोघांनीही एचआयव्ही व गुप्तरोगाची तपासणी करावी. आणि ताई, तुमच्या नवऱ्याला हा नाद असेल, तर यात तुमची काही कमतरता नाही. नवरा आजारी असला तरी जबरदस्ती सहन करू नका.

आपल्या भागातले जुन्नर, नारायणगाव, घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, जिथे सोयीचे तिथे जा आणि मानसोपचाराची सोय विचारा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर आजच घरच्यांना सांगा. घरच्यांनी अशा माणसाला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.

आणि दवाखान्यात सलाईन मागण्याऐवजी एवढेच म्हणा : "डॉक्टर, मन कशात लागत नाही, आणि हा नादही सुटत नाही." दोन्ही एकत्र सांगितलेत, तर दोन्हींवर एकत्र उपचार होतील.