पेन्सिलीआधी हात तयार होऊ द्या

शाळा सुरू झाल्या की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमधून आमच्याकडे एकच तक्रार येते : "सिस्टर, पोट्टं केजीत टाकलं, पन पेन्सिलच धरत नाई." मूल साडेतीन वर्षांचे, आणि वहीत चार रेघांत ए ते झेड. जमले नाही की बोटांवर पट्टी, वर "ढ आहे" हा शिक्का. यांना डोके नाही, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. तेच आपल्या लेकराला आपण का ऐकवायचे?

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो विद्यार्थी दिवस पाळणाऱ्या समाजाची शिक्षणाची भूक खरीच आहे. घाई मात्र त्या भुकेची नाही, खाजगी केजीच्या जाहिरातींची आहे.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची, मऊ असतात. हळूहळू एकेक पक्के होते आणि शेवटचे पक्के व्हायला नऊ ते बारा वर्षे लागतात. म्हणून मूल आधी खडू मुठीत धरते. तीन बोटांची पकड साधारण साडेचार ते सहा वर्षांत बसते. डोळ्याने पाहिलेले हाताने उतरवण्याचाही क्रम आहे : तिसऱ्या वर्षाच्या सुमारास उभी-आडवी रेघ आणि गोल, चौथ्यात अधिकचे चिन्ह, मग चौकोन, पाचच्या पुढे त्रिकोण. तिरकी रेघ सर्वांत उशिरा येते. इंग्रजी ए, के, एक्स तिरक्या रेघांचेच बनलेले. त्रिकोण न जमणाऱ्या मुलाकडून ते गिरवून घेणे म्हणजे रडवणेच. आपली उभी रेघ म्हणजे काना, आडवी म्हणजे शिरोरेषा. त्या दोन आणि गोल जमला की 'ठ' आणि 'व' फार दूर नाहीत.

यासाठी महागडे साहित्य नको. हरभऱ्याचे घाटे सोलणे, शेंगा फोडणे, तूर-मूग वेगळे करणे, कणकेचे साप-गोळे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे, बोंडातला कापूस ओढून सरकी काढणे. हे खेळ म्हणून, मजुरी म्हणून नव्हे. आणि जवळ मोठे माणूस हवेच. नाकात हरभरा घातलेली मुले आम्ही दवाखान्यात पुष्कळ पाहिली. खांदा पक्का नसेल तर बोटे चालत नाहीत, म्हणून झाडावर चढणारे पोर वाया जात नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रशने भिंतीवर मोठ्या रेघा मारू द्या. खडू अख्खा न देता बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत मावतच नाही, तीन बोटे आपोआप जुळतात.

विहारात रविवारी मुले जमतात, तिथे धम्मध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे उभे पट्टे रंगवायला द्या. वरून खाली हात फिरवण्याचा याहून चांगला सराव आम्हाला तरी माहीत नाही.

हे काही नवे खूळ नाही. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघांसह बालशिक्षण सुरू केले, तेही परिसरातल्या वस्तूंवरच. सरकारी एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये निघाली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या प्रकल्पांत आपल्या जिल्ह्यातले धारणी होते. अंगणवाडीला कमी लेखून कर्ज काढून केजीची फी भरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

डावखुऱ्या मुलाचा हात बांधू नका. तो दोष नाही. पण पाच वर्षे झाली तरी गोल निघत नाही, एकच हात वापरला जातो, हात थरथरतो, मूल चित्र डोळ्यांशी नेते, मान वाकडी करून पाहते किंवा तिरळे बघते, तर वाट पाहू नका. अनेकदा दोष बुद्धीत नसून नजरेत असतो, आणि तिरळेपणावरचा उपचार जितका लवकर तितका चांगला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मोफत तपासणीला येते. तारीख सेविकेला विचारून ठेवा, त्या दिवशी रोजी बुडाली तरी मुलाला न्या, आणि त्याने काढलेल्या रेघांचा कागद सोबत घ्या. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळते.