समास आणि संयुग

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग हे गाव तेथील भव्य किल्ल्यामुळे प्रसिद्ध आहे. लोककथा त्याच्या नावाचा संबंध नळराजाशी जोडतात. त्या कथांप्रमाणे ‘नळदुर्ग’ म्हणजे नळाचा दुर्ग. शब्दांतील संबंध दाखविणारे प्रत्यय गाळून दोन शब्दांचा एक शब्द झाला, म्हणजे त्या एकीकरणास समास म्हणतात. आणि तो जोडशब्द फोडून सांगणे म्हणजे विग्रह होय.

इब्राहिम आदिलशहा दुसरा (राज्यकाळ १५८० ते १६२७) याच्या काळी बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात महाल बांधला गेला. तोच पाणीमहाल. पावसाळ्यात तेथे कोसळणाऱ्या दोन धबधब्यांस लोक ‘नर-मादी’ म्हणतात. ‘पाणीमहाल’ या तत्पुरुष समासात महाल हे दुसरे पद प्रधान. ‘नर-मादी’ या द्वंद्व समासात दोन्ही पदे प्रधान. शब्द एक झाले, तरी पदांचे अर्थ आत कायम नांदतात.

आता पाण्याकडेच पाहा. हायड्रोजन व ऑक्सिजन या मूलद्रव्यांचे ते संयुग आहे. हायड्रोजन स्वतः जळतो, ऑक्सिजन ज्वलनास साहाय्य करतो. पाणी मात्र आग विझविते! घटकांचे गुण संयुगात उरत नाहीत. घटकांचे प्रमाणही ठरलेले असते : वजनाने एक भाग हायड्रोजन, तर आठ भाग ऑक्सिजन. मीठ व वाळू कशाही प्रमाणात एकत्र करा. मिठाचा खारटपणा जात नाही. ते केवळ मिश्रण होय.

संयुगासारखा पालट शब्दांत होतो काय? ‘गजानन आला’ हे वाक्य वाचून ‘हत्तीचे तोंड आले’ असा अर्थ कोणी केला, तर सारे हसतील. गजाचे आहे आनन ज्याला, तो गजानन. येथे दोन्ही पदे गौण होऊन तिसराच अर्थ, गणपती, पुढे येतो. हा बहुव्रीहि समास संयुगाच्या सर्वांत जवळचा. तरीही भेद उरतोच. गजाननाचा विग्रह बुद्धीने होतो. पाण्याचे घटक वेगळे करण्यास विद्युत्प्रवाहासारखी शक्ती लागते.

म्हणून सामासिक शब्द भेटला की तो नुसता फोडू नये. त्यातील कोणते पद प्रधान आहे, हेही पाहावे.

स्वाध्याय
१. विग्रह करून समास ओळखा : राजवाडा, आईबाप, लंबोदर.
२. साखरेचे सरबत हे संयुग की मिश्रण? कारण सांगा.
३. तुमच्या परिसरातील तीन सामासिक स्थलनामे शोधा.