खोक्यातले जग

(स्मार्टफोनवर पाहायच्या आभासी दृश्यांविषयी नववीच्या मुलामुलींनी वर्गात सादरीकरण केले. त्याची हकिकत या पाठात एका शिक्षकांनी सांगितली आहे. यंत्र आपल्याला काय दाखवते आणि शब्द काय दाखवतात, याचा विचार करत हा पाठ वाचा.)

आमच्या नववीच्या वर्गात महिन्यातून एकदा मराठीच्या तासाला सादरीकरण असते. चार-पाच जणांचा गट करायचा, एका विषयाची माहिती मिळवायची आणि ती वर्गापुढे उभे राहून मराठीत सांगायची, असा नियम आहे. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी उर्दू बोलतात. बाजारात हिंदी चालते. मराठी तोंडात येते ती या तासालाच. त्यामुळे सादरीकरणाचे नाव निघाले की एरवी बडबड करणारी मुलेसुद्धा मान खाली घालतात.

या वेळी मात्र विषय मुलांनीच सुचवला. "सर, स्मार्टफोनवरची व्हर्च्युअल रिॲलिटी घेऊ या." मराठीत तिला 'आभासी वास्तव' म्हणतात. जी जागा प्रत्यक्षात समोर नाही, ती आपल्या चारी बाजूंना आहे असा भास होतो, म्हणून हे नाव.

तीन गट पडले. शाळेत मुलांना फोन आणायला बंदी आहे, म्हणून माझा फोन वापरायचे ठरले. पहिल्या गटाने बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून फोन ठेवण्याचा लहान खोका तयार केला आणि त्यात दोन बहिर्गोल भिंगे बसवली. फोन एक, खोका एक आणि वर्गात मुले बेचाळीस!

ठरलेल्या दिवशी पहिला गट पुढे आला. गटप्रमुख मुलगा म्हणाला, "नाकासमोर एक बोट धरा. आता एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा मिटा. काय दिसते?"

"बोट उडी मारते!" सगळा वर्ग ओरडला.

"आपल्या दोन डोळ्यांत सुमारे सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. म्हणून दोन्ही डोळ्यांना थोडी वेगळी चित्रे दिसतात. मेंदू ती एकत्र करतो आणि वस्तू जवळ आहे की दूर, हे आपल्याला कळते."

मग त्याने इतिहास सांगितला. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली आरशांचे एक उपकरण जगापुढे मांडले. त्यातून प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दिसे आणि कागदावरचे सपाट चित्र खोली असल्यासारखे वाटे. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगे वापरून लहान उपकरण तयार केले. गटातील एका मुलीने यात भर घातली. बसरा येथे जन्मलेले विद्वान इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाश आणि दृष्टी यांविषयीचा ग्रंथ लिहिला. दोन डोळ्यांनी एकच वस्तू कशी दिसते, याचाही विचार त्यांनी त्यात केला आहे.

"आता आपला खोका," गटप्रमुख म्हणाला. "गूगल कंपनीच्या पॅरिस येथील कार्यालयात काम करणाऱ्या डेव्हिड कोझ आणि डॅमियन हेन्री या दोघांनी पुठ्ठ्याचा असा खोका तयार केला. २०१४ साली तो 'कार्डबोर्ड' या नावाने लोकांपुढे आला. २०२१ साली कंपनीने त्याची विक्री बंद केली. पण पुठ्ठा आणि भिंगे मिळाली, की तो कोणालाही घरी करता येतो. फोनच्या पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी उमटतात. पडदा डोळ्यांच्या इतका जवळ असला की चित्र अस्पष्ट दिसते. भिंगांमुळे ते दूर असल्यासारखे आणि स्पष्ट दिसते. फोनमध्ये जायरोस्कोप नावाचा भाग असतो. आपण मान वळवली की तो ते ओळखतो आणि चित्रही तेवढेच वळते."

विज्ञानाच्या सरांनी ऐकले असते तर त्यांनाही आनंद झाला असता. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या गटाचा विषय होता 'अवकाश स्थानकाची सैर'. बोलणारा मुलगा हुशार होता. पण त्याच्या हातात छापील कागद होता आणि त्याची नजर कागदावरून हलत नव्हती. तो वाचू लागला, "हा एक पूर्णपणे विसर्जित अनुभव आहे."

मी विचारले, "विसर्जित अनुभव म्हणजे काय?"

तो गप्प झाला. तेवढ्यात एक मुलगा उठून म्हणाला, "सर, विसर्जन तर गणपतीचे होते. अनुभवाचे कसे झाले?"

सारा वर्ग हसला. बोलणाऱ्या मुलाचे कान लाल झाले. अखेर त्याने खरे सांगितले. मूळ माहिती इंग्रजीत होती. त्याने ती फोनला मराठी करायला सांगितली आणि न वाचताच छापून आणली. मी म्हणालो, "खरे बोललास, हे चांगले केलेस. आता कागद ठेव आणि तुला काय वाटले ते तुझ्या शब्दांत सांग."

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "सर, मी त्यात बुडून गेलो. आपण वर्गात आहोत, हेच विसरलो."

"हेच तर त्या वाक्यात सांगायचे होते," मी म्हणालो.

मग तो मोकळेपणाने बोलू लागला. अवकाश स्थानक पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर आहे. ते सुमारे नव्वद मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करते. म्हणून तेथील माणसांना चोवीस तासांत सोळा वेळा सूर्योदय दिसतो. सांगून झाल्यावर त्याने खोका फिरवला. एकाने हवेत तरंगणारी वस्तू पकडायला हात पुढे केला आणि तो धाडकन फळ्यावर आपटला. दुसऱ्याला गरगरू लागले. त्याला खाली बसवून मी कारण सांगितले. डोळे म्हणतात, 'आपण हलतो आहोत'. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव आहे, तो म्हणतो, 'आपण स्थिर आहोत'. दोघांच्या सांगण्यात मेळ बसत नाही, म्हणून चक्कर येते. असे वाटले की खोका लगेच बाजूला करावा. आणि तो नेहमी खाली बसूनच पाहावा.

आता तिसरा गट. यांचा विषय होता 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' हा संयुक्त राष्ट्रांसाठी २०१५ साली तयार केलेला लघुपट. पण दोन गटांनी वापरून फोन तापला होता. लघुपट सुरू करताच बॅटरी संपली आणि पडदा काळा झाला. शेजारच्या वर्गावरील सरांचा फोन आणला. तो जुना होता, त्यात जायरोस्कोप नव्हता. मान कितीही वळवली तरी चित्र जागचे हलेना.

गटप्रमुख मुलगी रडवेली झाली. ती शेवटच्या बाकावर बसते आणि वर्षभर वर्गात क्वचितच बोलली होती. "सर, आमचे सादरीकरण पुढच्या महिन्यात घ्या ना," ती म्हणाली.

मी म्हणालो, "काल शिक्षक-खोलीत तुम्ही तो लघुपट पाहिला आहे ना? मग तू काय पाहिलेस ते सांग."

ती फळ्याला टेकून उभी राहिली. सुरुवातीला आवाज फुटेना. मग हळूहळू बोलू लागली.

"सिद्रा बारा वर्षांची आहे. ती सीरिया देशातली. तिथे लढाई सुरू झाली. तिचे घरवाले वाळवंटातून चालत जॉर्डन देशात आले. तिथे झातरी नावाची छावणी आहे. तिथे हजारो पनाहगुजीन..." ती अडली. मी फळ्यावर लिहिले, 'निर्वासित'.

"तिथे हजारो निर्वासित राहतात. मी खोका डोळ्यांना लावला तेव्हा मी सिद्राच्या खोलीत होते. उजवीकडे वळले, भिंत. डावीकडे वळले, भिंत. मग बाहेर आले. वर मोठे आकाश आणि खाली पांढरी घरे, पांढरे तंबू. सगळे एकसारखे. शाळेच्या वाटेवर रोटीची भट्टी आहे. सिद्रा म्हणते, गरम रोटीचा वास येतो. मला वास आला नाही, पण भूक लागली. तिथे मुली फुटबॉल खेळतात. मी मैदानात मधोमध उभी होते आणि मुली माझ्या चारी बाजूंनी धावत होत्या. शेवटी खूप मुले आली आणि त्यांनी माझ्याभोवती गोल केला. मी जिकडे मान वळवली, तिकडे एक मूल माझ्याकडे पाहत होते."

तिच्या बोलण्यात चुका होत्या. कुठे 'ती' ऐवजी 'तो' येत होते, कुठे उर्दू शब्द. पण कोणी हसले नाही. बेचाळीस मुलांच्या वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

एका मुलाने विचारले, "ती आता कुठे आहे?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "लघुपट २०१५ चा आहे. आता ती मोठी झाली असेल. मी खोका काढला आणि आपल्या शाळेत परत आले. तिला तसे परत येता येत नव्हते."

ती जागेवर जाऊन बसली. काही क्षणांनी टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

तास संपायला पाच मिनिटे होती. मी मुलांना म्हणालो, "खोक्यातून एका वेळी एकालाच दिसते. बाकीच्यांनी काय करायचे? ज्याने पाहिले त्याने ते शब्दांत सांगितले, तरच ते सर्वांचे होते. आज फोन बंद पडला, तरी आपण सगळे झातरीला जाऊन आलो. पुढच्या वेळी माहिती कोठूनही मिळवा. पण आधी ती समजून घ्या, मग आपल्या शब्दांत सांगा. चुकले तरी चालेल. चुका सुधारता येतात."

मधल्या सुट्टीत दुसऱ्या गटाचा तो मुलगा माझ्याकडे आला. हातात कोरा कागद होता. म्हणाला, "सर, मी अवकाश स्थानकावर पुन्हा लिहून आणू?"

शब्दार्थ

आभासी – खरे वाटणारे पण खरे नसलेले
बहिर्गोल भिंग – मध्ये जाड व कडेला पातळ असलेली काच
गरगरणे – चक्कर येणे
निर्वासित – संकटामुळे घर किंवा देश सोडावा लागलेला माणूस
छावणी – अनेक लोकांची तात्पुरती राहण्याची जागा
रडवेली – रडायच्या बेतात आलेली

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चार्ल्स व्हीटस्टन यांनी आपले उपकरण कोणत्या साली जगापुढे मांडले?
(आ) फोनमधील जायरोस्कोपचे काम कोणते?
(इ) झातरी छावणी कोणत्या देशात आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) खोक्यात भिंगे बसवावी लागतात.
(आ) आभासी दृश्य पाहताना काहींना चक्कर येते.
(इ) तिसऱ्या गटाला लघुपट दाखवता आला नाही.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दुसऱ्या गटातील मुलाची चूक कोणती होती? ती त्याने कशी सुधारली?
(आ) 'तिला तसे परत येता येत नव्हते,' असे मुलगी का म्हणाली?

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
मान खाली घालणे, भर घालणे, मेळ बसणे, आवाज न फुटणे.

प्र. ५. हकिकत, हजार, नजर, कागद, आवाज, बाजू हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुम्ही पाहिलेल्या एखाद्या जागेचे वर्णन वर्गात करा. चित्र दाखवू नका. उजवीकडे, डावीकडे, वर आणि खाली काय होते, ते ऐकणाऱ्यांना दिसेल असे सांगा.