माणूस कमी करायचा की तास?

समजा, क्रांती चौकात तुमचं दुकान आहे. चार माणसं, प्रत्येकी १२,००० पगार, म्हणजे महिन्याला ४८,०००. धंदा मंदावला आणि आता पगारासाठी ३६,०००च निघतात. काय कराल?

एकाला काढा, किंवा चौघांचे तास पाव हिस्सा कमी करा. गल्ल्याला दोन्ही सारखंच. पण ९,०००मध्ये घर चालत नाही, म्हणून तास कमी केले की कामाचा माणूसच आधी दुसरीकडे जातो.

जर्मनीत यावर ‘कुर्त्सआर्बाइट’ नावाची सोय आहे. मालक झालेल्या कामाचा पगार देतो आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, रोजगार विम्यातून मिळतात. आपल्या हिशोबात (करवजावट सोडून) ३,०००चे ६० टक्के म्हणजे १,८००. प्रत्येकाच्या हातात १०,८००, चौघांचे ४३,२००. हाच पैसा किराणा, भाजी, चहाच्या टपरीवर फिरतो. २००९ मध्ये जर्मनीचं उत्पन्न ५ टक्क्यांहून जास्त घसरलं, तरी बेकारी फारशी वाढली नाही. त्यामागचं हे एक मोठं कारण. एप्रिल २०२० मध्ये तर जवळपास ६० लाख कामगार या योजनेवर होते.

पण दुसरी बाजूही बघा. धंदा कायमचाच संपला असेल, तर अनुदानाने माणूस बुडत्या जागी अडकून राहतो. आणि ज्यांनी माणसं तशीही ठेवली असती, तेही पैसे घेतात.

आपल्याकडे? औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार ले-ऑफमध्ये मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई ठरली होती, पण ती मालकाच्या खिशातून आणि किमान ५० कामगारांच्या कारखान्यांना. ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आखली गेली ती नोकरी गेल्यावर मदतीसाठी, तास कमी झाल्यावर नाही. म्हणजे वाळूजला शिफ्ट घटली की त्याची झळ थेट टपरी आणि मेसवाल्यापर्यंत येते. आणि छोट्या दुकानाला आधार स्वतःचाच.

म्हणून तीन कामं करा:

१. घट हंगामी आहे की कायमची, हे मागच्या दोन वर्षांच्या वहीतून तपासा.
२. हंगामी असेल तर तास कमी करा, पण माणसांशी आधी बोलून, लेखी ठरवून. किमान वेतनाचा नियम सीएला विचारा.
३. चांगल्या महिन्यात एका महिन्याच्या पगाराइतका राखीव पैसा साठवायला लागा.

मंदी संपते तेव्हा गिऱ्हाईक ओळखीचा चेहराच शोधतं. तो टिकवायला काय खर्च येईल, हे आजच मांडून बघा.