नोटिशीचा नमुना

अलिबाग

चि. मयूरेशास अनेक आशीर्वाद,

तू पाठवलेला नोटिशीचा फोटो पाहिला. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीच्या हितास्तव...’ इथून निघालेलं वाक्य पाचव्या ओळीत पाण्याच्या टाकीपाशी पोचतं, आणि ‘बी विंगचं पाणी 10 ते 4 बंद’ हे सापडतं थेट सहीच्या वर. लिफ्टची वाट बघणारा माणूस तिथवर जात नाही. तो वॉचमनला विचारतो आणि तू म्हणतोस, लोक नोटिसा वाचत नाहीत. वाचतात रे! सीवूड्स स्टेशनवर हीच माणसं गाडी पनवेलची की उरणची हे मान वर करून क्षणात वाचतात. इंडिकेटरवर कुठे काय असतं हे त्यांना पाठ आहे.

माझी हयात महसुलात गेली, तेव्हा दाखला तिथलाच देतो. गाव नमुने 1 ते 21. सात म्हणजे जमीन कोणाची, बारा म्हणजे तिच्यात पीक काय, दोन्ही एका कागदावर आले की सातबारा. सहा म्हणजे फेरफार. आठ-अ मध्ये एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. एका नमुन्यानं एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं. उतारा करावे-दारावेचा असो की चंद्रपूरकडचा, शाळेची पायरी न चढलेली म्हातारीही आपल्या नावावर बरोबर बोट ठेवायची.

घोळ व्हायचा तो कमी झालेल्या नोंदींचा. मयताचं नाव, फिटलेला बोजा कंसात टाकायचो. नवख्याला तो कंस कळतच नसे. 2020 च्या नव्या सातबाऱ्यात अशा नोंदींवर आडवी रेघ आली, क्षेत्राचं एकक स्पष्ट झालं, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिसू लागली. साचा मात्र मोडला नाही. तूही वेळ बदलली तर जुनी नोटीस फाडू नकोस. 10 वर रेघ मार, शेजारी 11 लिही, तारीख घाल. काय बदललं ते लोकांना दिसू दे.

तुला चार नमुने पुरेत: पाणी-वीज-लिफ्ट बंद, दुरुस्तीचं काम, पैसे, सभा. आधी काय, मग कधी, कोणत्या विंगला, रहिवाशांनी काय करायचं, कोणाला विचारायचं. कारणमीमांसा तळाला. सभेच्या नोटिशीला मात्र फार हात लावू नकोस. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस विषयपत्रिकेसह पूर्ण 14 दिवस आधी जायला हवी, आणि तिथे उपविधींचेच शब्द बरे. नाहीतर कुणीतरी उपनिबंधकांकडे धाव घेईलच.

कोणी वारलं तर साचा बाजूला ठेव. चार ओळी हातानं लिही.

मराठी आणि इंग्रजी नोटीस शेजारी लावतोस, तर दोन्हींत ओळींचा क्रम एकच राहू दे. एका भाषेत अडलेल्याला दुसरीत त्याच ओळीवर बघता येतं.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा